जीप अपडेट : तुळजापूरच्या घाटात दम का लागत होता ते सापडलं एकदाचं

दोन महिने काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं नव्हतंच, गाडी सोलापुरातून बाहेर काढायची, हिप्परग्याच्या तलावापर्यंत मस्त जायची आणि पुढं कुठंतरी खोकून बंद. मग मी बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभा, येणारा जाणारा विचारणार "काय मालक, पेट्रोल संपलं का?" संपलं नव्हतं हो, टाकी अर्धी भरलेली, पण ते वरपर्यंत पोचत नव्हतं हीच तर बोंब.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. गाडी जुनी सीजे-थ्रीबी मॉडेलची जीप, इंजिन विलीजचं हरिकेन, २१९९ सीसी, एफ-हेड म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचा खाली ब्लॉकमध्ये. हेड थोडं घासून घेतलंय आणि मूळच्या सिंगल बॅरल (एकाच नळीच्या) कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या, जागी दोन बॅरलचा वेबर ३२/३६ बसवलाय, अॅडॅप्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर करून घेतला. या वेबरचं असंय की हलक्या पायावर एकच बॅरल चालतो, जोरात दाबला की दुसरा उघडतो आणि मग तो पेट्रोल पितो. म्हणून सात रस्ता ते आसरा चौक दिवसभर फिरवा, काही नाही. हायवेला पाय दाबून धरला की मिनिटभर झकास, मग ओढ गायब. दोन मिनिटं थांबलं की परत शहाण्यासारखी चालू.

आधी कार्बोरेटर तीनदा खोलला, जेट (पेट्रोलची बारीक भोकं), फ्लोट लेव्हल (आतल्या वाटीतली, म्हणजे फ्लोट बाऊलमधली, पेट्रोलची पातळी) सगळं बघितलं, काही नाही. मग सगळेच म्हणाले व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेनं लाईनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं, आपल्याकडचा मे महिना म्हटल्यावर कुणालाही तेच वाटणार, आणि पंप एक्झॉस्टच्या जवळच. ओलं फडकं गुंडाळून बघितलं, फरक पडला असं वाटलं (नुसतं वाटलं). मग मी शहाणपणा करून इलेक्ट्रिक पंप लावला. तो देतो ६-७ पीएसआय (दाबाचं माप), वेबरला ३ च्या आसपास बास होतं, बाऊल भरला की पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला तो दाब आवरेना आणि कार्बोरेटर वरून वाहायला लागला, खाली तापलेला एक्झॉस्ट. लगेच बंद केली म्हणून वाचलो. त्याच संध्याकाळी फायर एक्स्टिंग्विशर आणला, जो पहिल्या दिवशीच आणायला पाहिजे होता.

मेकॅनिकल पंप परत लावला, लाईनला दाब दाखवणारा गेज लावला, आयडलला (पाय न दाबता, गाडी उभी) ३ पीएसआय. म्हटलं सप्लाय ओके. इथंच फसलो बघा. आमचे मिस्त्री चाचा गेजकडं बघून म्हणाले, "मालक, काटा सोडा, बाटलीत पाडून बघा की किती येतंय."

हिशोब केला, फुल लोडला हे इंजिन तासाला वीसेक लिटर घेईल, म्हणजे मिनिटाला साडेतीनशे मिलीच्या जवळपास. कार्बोरेटरची लाईन काढून बाटलीत सोडली, गाडी तेवढा वेळ फ्लोट बाऊलमधल्या पेट्रोलवर आयडलला चालते. ३० सेकंदात आलं जेमतेम ७०-८० मिली, आणि त्यात बुडबुडे! आयडलला खप इतका कमी की तेवढ्यातही बाऊल भरलेला राहतो आणि गेजला काही कळत नाही.

आता हवा कुठून? कुठंच थेंब नाही, वास नाही. पंपाच्या पुढं भोक असतं तर पेट्रोल गळलं असतं, पण टाकीपासून पंपापर्यंत पंप ओढतो, तिथली चीर गळत नाही, हवा ओढते. पंपाला नवीन होजने डायरेक्ट कॅनमधून पेट्रोल दिलं, बुडबुडे बंद. म्हणजे पंप निर्दोष, त्याला उगाच दोन महिने शिव्या घातल्या.

ड्रायव्हर सीटखालची टाकी काढली, तिच्या तोंडाशी चार इंची रबरी तुकडा, वरून एकदम नवा. वाकवला तर क्लिपखाली नखभर चिरा, तोंड उघडून हसल्यासारख्या. किती जुना देव जाणे, आणि आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, असल्या जुन्या रबराला ते मानवत नाही. टाकीतल्या जाळीवर तपकिरी चिखल पण निघाला, टाकी धुतली. सगळी होज एसएई जे३० आर९ दर्जाची घेतली, नुसतं 'पेट्रोल पाइप' सांगून मिळेल ते घेऊ नका, होजवरचा छाप वाचा. पंपाआधी काचेचा फिल्टर टाकला, बुडबुडा दिसावा म्हणून.

परत बाटली : ३० सेकंदात २४० मिली, एक बुडबुडा नाही. रविवारी सकाळी तुळजापूरच्या घाटात सेकंड गिअरला पाय दाबून वर नेली, दुसरा बॅरल उघडा, एकदासुद्धा खोकली नाही. वर पोचल्यावर मी एकटाच ओरडलो, शेजारचा ट्रकवाला बघतच राहिला.

फक्त चहाला पंधरा मिनिटं थांबलो तर नंतर स्टार्टर बराच मारावा लागला. कार्बोरेटर थेट हेडच्या डोक्यावर, खालून तापतो. आता उष्णता अडवायला मधे बेकेलाईटचा स्पेसर (जाड चकती) टाकणार. थ्रीबीचं बॉनेट या उंच इंजिनसाठीच उंच केलेलं, तरी अॅडॅप्टरनंतर एअर क्लिनरवर बोटभरच जागा उरलीय, १० एमएमच्या वर जमणार नाही. कुणी ३२/३६ वर बुटका एअर क्लिनर बसवला असेल तर उंची मोजून सांगा.