समुद्र गरुडाचं घरटं: काय बघावं, कुठून बघावं

फेब्रुवारीत कोकण किनाऱ्यावर समुद्र गरुडाचं घरटं बघून आलो. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. ही जोडी त्याच घरट्यावर दरवर्षी नव्या काटक्या रचते, त्यामुळे एकदा पत्ता फुटला की दर हंगामाला कॅमेऱ्यांची जत्रा ठरलेली.

घरटं वाडीच्या कडेला, जुन्या आंब्याच्या शेंड्याजवळ. सकाळी पुळणीवर उभं राहण्यात अर्थ नाही. ऊन समोरून येतं आणि गरुड, घार, कावळा सगळेच काळे दिसतात. आम्ही झाडाच्या पूर्वेला, वर सड्यावर बसलो. ऊन पाठीशी, घरटं नजरेच्या पातळीत आणि अंतरही भरपूर. नुसतं बघायला दुर्बीण पुरते, पिसं वाचायची तर ट्रायपॉडवरचा स्कोप हवा.

पिल्लू एकच. अंडी बहुधा दोन असतात, पण अनेकदा एकच पिल्लू उडण्यापर्यंत पोचतं. याची लव जवळजवळ झडली होती; अंग तपकिरी, डोकं फिकट बदामी. थोड्या वेळाने मोठ्यांपैकी एकाने पंजात सागरी साप लोंबकळत आणला. पिल्लाने लगेच दोन्ही पंख पसरून तो झाकून टाकला आणि आईबापांकडे पाठ केली! त्या क्षणी पंखांची पिसं अजून वाढत्या पिसाभोवती असणाऱ्या वेष्टनातून पूर्ण बाहेर आलेली नाहीत, हे स्कोपमध्ये स्पष्ट दिसलं.

तपकिरी रंगावर जाऊ नका, तिथेच घोटाळा होतो. उडणारा पक्षी असेल तर आधी शेपूट बघा. घारीचं मधे खाच असलेलं, ब्राह्मणी घारीच्या पिल्लाचं गोलसर, समुद्र गरुडाचं आखूड आणि पाचरीच्या आकाराचं. पिल्लाचं पांढुरकं, टोकाकडे गडद पट्टा. घरट्यातल्या पिल्लाचं शेपूट अपुरं असतं, म्हणून तिथे दणकट चोच आणि पायांच्या पिसं नसलेल्या नळ्या बघायच्या. उलट सुपर्ण गरुडाच्या गटातल्यांचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात.

आसपास आणखी एखादा तपकिरी समुद्र गरुड घिरट्या घालताना दिसला, तर पंखाची मागची कड तपासा. यंदाच्या पिल्लाची पिसं एकाच हंगामात उगवलेली, म्हणून कड सलग. आधीच्या वर्षांतल्या पक्ष्याची झिजकी आणि नवी पिसं मिसळलेली, म्हणून कड दातेरी. पूर्ण पांढरं-राखाडी रूप यायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर मधले अवतार भल्याभल्यांना चकवतात.

मोठे पक्षी सारखे ओरडत डोक्यावर फिरू लागले की तुम्ही फार जवळ आहात. निमूट मागे सरका. ड्रोन तर नकोच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली हा पक्षी पहिल्या अनुसूचीत आहे. लव असलेलं पिल्लू बघायचं तर थोडं आधी, डिसेंबर-जानेवारीत जा. उडायला लागल्यावरही पिल्लू काही आठवडे घरट्याच्या आसपासच राहतं, तेव्हा मार्चमध्ये गेलात तरी हरकत नाही.