मी बाजूला झाले

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

माझी बीएमडब्ल्यू मोटरसायकल पडली, त्याचं काही नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे त्याच्या आड लपायला नको. याआधी ती चार वेळा पडली आहे आणि चारही वेळा मी एकटीने उचलली आहे. एकदा तर स्पितीत लोसर गाव सोडल्यावर कुंझुम खिंडीच्या चढावर, जिथे बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. त्यामुळे पडण्याचं दुःख आता होत नाही. जे झालं ते नंतर झालं.

महाडहून परत येत होते, वरंध घाटाने. मावशीकडून निघायला सात वाजले. रात्रभर परतीचा पाऊस पडून गेलेला, ढग अजून कड्यांना चिकटलेले, खाली भात पिवळं पडायला लागलेलं. वाघजाईच्या देवळापाशी चहा घ्यायचा एवढाच बेत होता. त्याच्या अलीकडे एका वळणावर वरून कांद्याच्या पोत्यांचा टेम्पो आला. त्याला वाट द्यायला मी कडेला थांबले आणि डावा पाय टेकवला, तर खाली जमीनच नाही. डांबराची कड तिथे वीतभर खचली होती. माझी उंची ५ फूट २ इंच. कमी उंचीची सीट बसवून घेतली तरी दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकतात, म्हणून मी नेहमी एका अंगाला सरकून एकच पाय नीट रोवते. नेमका तोच चुकला. २४९ किलोंची गाडी, वर दोन भरलेले पॅनियर, म्हणजे दोन अंगांच्या सामानाच्या पेट्या. एकदा का कलली की तिच्याशी झोंबायचं नसतं, सोडून द्यायचं. सोडली. हिच्या इंजिनाचे दोन सिलिंडर दोन अंगांना बाहेर आलेले असतात, त्यांच्या गार्डवर ती टेकली आणि अर्धी कलंडून राहिली. म्हणून तर पाय खाली सापडत नाही.

उचलायची रीत ठरलेली आहे. गाडीकडे पाठ करायची, बूड सीटच्या कडेला लावायचं, एक हात हँडलला, एक मागच्या रॅकला, आणि पायांच्या जोरावर बारीक बारीक पावलं टाकत मागे रेटायचं. कंबर वापरायची नाही. मी तशी बसलेच होते, तेवढ्यात टेम्पोचा क्लीनर उतरून आला आणि माझ्या मागून येणारा एक दूधवालाही थांबला. तिघांनी मिळून उभी केली. टेम्पो गेला. इथपर्यंत सगळं ठीक.

वळणापुढे रस्ता खणून ठेवलेला. दीड-दोनशे फुटांचा पट्टा असेल. पावसाने त्याचं लाल लोणी झालेलं आणि मधोमध टेम्पोच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या. मी त्या चिखलाकडे बघत उभी होते. किती वेळ, माहीत नाही. दूधवाल्याने माझ्याकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, मी काढून देऊ का पल्याड?"

आणि मी बाजूला झाले.

‘नको’ म्हटलं नाही. ‘जमेल मला’ म्हटलं नाही. त्याला दुसऱ्यांदा विचारावंही लागलं नाही. ‘चावी दिली’ असं लिहिणार होते, पण या गाडीला चावी लावावी लागत नाही, ती माझ्या जॅकेटच्या खिशात असते. त्यामुळे देण्यासारखं हातात काही नव्हतंच. नुसतं दोन पावलं सरकले आणि तो बसला. "गिअर आपल्यासारखेच ना?" एवढं त्याने विचारलं. मी म्हटलं, "पहिला खाली, बाकीचे वर. रेस फार हळू द्या, दादा." रेन मोडवर टाकून दिली, म्हणजे थ्रॉटल जरा मवाळ होतं. १३६ घोडे आहेत, हे मात्र सांगितलं नाही. आणि एक गोष्ट सांगायची राहूनच गेली: चावी लांब गेली की पडद्यावर इशारा येतो, इंजिन चालू राहतं, पण मध्येच बटणाने गाडी बंद केली तर चावी जवळ आल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. त्याने बंद केली असती तर तो भर चिखलात अडकला असता आणि मला पळत जावं लागलं असतं. नाही केली.

तो गेला. पायात चपला, डोक्याला टॉवेल. चाकोरीत उतरला नाही, मधल्या उंचवट्यावरून नेली. मागचं चाक दोनदा सरकलं, दोन्ही वेळा त्याने काही केलं नाही, गाडीला तिचं तिचं सावरू दिलं. मी हेल्मेट हातात घेऊन कडेकडेने चालत होते. आणि तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

हेच मला सकाळपासून छळतंय. लाज वाटली असती तर समजलं असतं. राग आला असता तरी चाललं असतं. हे सुटणं कुठून आलं? खांदे खाली आले होते. एका बाजूला पाण्याचा बारका ओघळ वाहत होता, तो मला दिसला. कुठला तरी पक्षी ओरडत होता, तो ऐकू आला. गाडीवर असताना असलं काही दिसत नाही, डोळे सतत पुढच्या वीस फुटांत अडकलेले असतात. दीड-दोनशे फूट मी नुसती एक बाई होते, सकाळी घाटात चालणारी.

सुटायचं होतं का मला? कशातून?

गाडी २०२१ साली घेतली. पैसे ज्या कारणासाठी बाजूला ठेवले होते ते कारणच उरलं नाही, मग ही आली. ते असो. पेट्रोल पंपावर ठरलेले तीन प्रश्न असतात: केवढ्याला पडली, ॲव्हरेज किती देते आणि तुमचीच का? पहिल्या दोनांना मी उत्तर देते. तिसऱ्याला ‘माझीच’ म्हणते तेव्हा आवाज आपोआप चढतो. साडेचार-पाच तास चालवून उतरल्यावर गुडघे थरथरत असले तरी लोकांसमोर सरळ चालते. स्टँड लावताना घामाघूम झाले तरी चेहरा तसाच. म्हणजे एवढी वर्षं मी गाडी चालवत होते की ‘माझीच’ हे वाक्य चालवत होते? आज त्या दूधवाल्या पोराने तिसरा प्रश्न विचारला नाही. पहिले दोनही नाही. त्याला फक्त चिखल दिसत होता, आणि पलीकडे जायचं असलेली एक बाई.

दुपारभर स्वतःची फार कीव येत राहिली. वाटलं, झालं आता. पन्नाशी जवळ आली, उचलायला तिघे लागले, चिखलाला भ्यायले. सुरुवात अशीच होत असेल, आधी दीड-दोनशे फूट, मग पुढे पुढे अख्खा घाट. आई केव्हाचं म्हणतेच आहे, विकून टाक. मनगटाचं तर अजून घरात बोललेच नाही. सोमवारची वेळ घेतली आहे, बघू.

मग गॅस्तों राहियेची आठवण झाली. बेल्जियमचा, मोटोक्रॉसच्या, म्हणजे खडबडीत मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या, १२५ सीसी गटात १९७५ ते १९७७ सलग तीन वर्षं जगज्जेता. पुढे १९८४ आणि १९८५ अशी दोनदा पॅरिस–डकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत जिंकला, माझ्या गाडीच्याच घराण्यातल्या बॉक्सर, म्हणजे तशाच दोन अंगांना सिलिंडर असलेल्या, बीएमडब्ल्यूवर. माणूस चणीने एवढासा. वाळवंटासाठी बसवलेल्या त्या अवाढव्य टाकीच्या गाडीवर बसला की त्याचे पाय टेकत नसत. म्हणून तो डाव्या अंगाला उभा राही, एक पाय फूटरेस्टवर ठेवी, गाडी चालती करी आणि मग वर चढे. पाय टेकणं हा आपला प्रांत नाही हे त्याने मान्य केलं आणि दुसरी रीत काढली. त्याची छायाचित्रं मी गाडी घ्यायच्या आधीपासून जमवते आहे. कुणी मला ‘तुझे पाय तरी पोचतात का’ म्हटलं की मनातल्या मनात त्याचंच नाव घेते. पण आज त्याचं नाव घेऊनही उपयोग झाला नाही, कारण माझे पाय पोचले नाहीत हे खरं दुखणं नव्हतंच. आज मी प्रयत्नच केला नाही.

पुन्हा तिथेच आले. प्रयत्न केला नाही आणि बरं वाटलं.

दूधवाल्याचं पुढचं लिहायचं राहिलं. पलीकडच्या डांबरावर त्याने गाडी स्टँडला लावली, नीट, उताराचा अंदाज घेऊन, गिअरमध्ये ठेवून. मी पोचले तेव्हा म्हणाला, "चालायला लागली की हलकी लागती की ओ." ते खरंच आहे. वजन सगळं खाली आहे, चाकं फिरायला लागली की ते कुठे जातं कळत नाही. जड असते ती थांबलेली. मला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं आणि आज एका पोराने दोन मिनिटांत मला सांगितलं.

मग तो चिखलातून चालत परत गेला. त्याची स्प्लेंडर तिकडेच होती, दोन्ही अंगांना ४० लिटरचे कॅन, भरलेले. म्हणजे ८० लिटर दूध, कॅनचं वजन वेगळं, गाडी वेगळी. सगळं मिळून दोनशे किलोंच्या घरात जातं. शिवाय दूध आतल्या आत डचमळतं, माझ्या पॅनियरमधले कपडे डचमळत नाहीत. रोज भोरला दूध घालतो म्हणाला. तो त्याच पट्ट्यावरून, त्याच मधल्या उंचवट्यावरून आला, माझ्याजवळ क्षणभरही न थांबता हात वर केला आणि पुढे गेला. तीनदा ओलांडला त्याने तो चिखल. मी आभार मानले ते बहुधा त्याला ऐकूच गेले नसतील.

आत्ता हे लिहिताना एक लक्षात येतंय. चालत असताना मी सगळा वेळ ओघळ आणि पक्षी बघत नव्हते, गाडी बघत होते. मागून. एवढ्या वर्षांत मी माझी गाडी चालताना कधी पाहिलीच नव्हती. पडलेली पाहिली, उभी पाहिली, धुतली, आरशात तिचे पॅनियर पाहिले. पण ती दूर जाताना कशी दिसते, तिचा तो घुमणारा आवाज बाहेरून कसा येतो, चिखलात मागचं चाक सरकतं तेव्हा ती कशी अंग चोरून पुन्हा सरळ होते, हे काहीच माहीत नव्हतं. सुंदर दिसत होती. खरंच फार सुंदर. घशात काहीतरी आलं होतं, आणि त्याला मी दिवसभर सुटणं म्हणतेय. त्यातलं सुटणं किती आणि हे किती, मला वेगळं करता येत नाही. काही सुटणं होतंच. खांदे खोटं बोलत नाहीत.

घरी आल्यावर ह्याने विचारलं, "कसा होता घाट?" मी म्हटलं, "ओला." पॅनियरचा पोचा त्याने पाहिला आहे. तो काही विचारणार नाही, आणि न विचारणं त्याला किती छान जमतं हे मला माहीत आहे.

मावशीला फोन केला आत्ताच. पुढच्या शनिवारी पुन्हा येते म्हटलं. "अगं, आत्ताच तर गेलीस," म्हणाली. पाऊस अजून चार-पाच दिवस आहे म्हणतात. त्यानंतर ऊन पडेल आणि ते खणलेलं सगळं दगडासारखं कडक होईल. मला तो चिखल वाळायच्या आत जायचं आहे.