वासोटा: आधी बोटीचा हिशेब, मग डोंगर

साताऱ्याहून वासोटा किल्ल्यावर निघणार असाल तर मधल्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. बोट जिथून सुटते त्या बामणोलीत बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नसतं. आमच्याकडून मधल्या माणसाने माणशी घेतलं. वर ‘सगळं धरून’ म्हणाला, आणि वनखात्याचं प्रवेशशुल्क वेगळं भरावं लागलं ते लागलंच. अजून डोकं तापलेलं आहे. थेट बामणोली गाठा, धक्क्यावरच दुसरा गट जोडून घ्या, भाडं वाटून द्या.

दुसरी थाप: ‘नागेश्वर (जवळचं गुहेतलं शिवमंदिर) आणि वासोटा एका दिवसात आरामात होतात.’ आरामात मुळीच होत नाहीत. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडून पायथ्याच्या मेट इंदवलीला पोचायलाच तासाहून जास्त जातो. जंगलात मुक्कामाला बंदी, अंधाराच्या आत परत यायचंच. सकाळची पहिली बोट चुकली तर नागेश्वर सोडा, तिकडे वळणाऱ्या फाट्यावर रेंगाळू नका.

झाडीतली वाट दमवते, पण सावली आहे. खरा त्रास झाडी संपल्यावर, दरवाजाच्या अलीकडे. ढासळलेल्या पायऱ्या, सुटे दगड आणि डोक्यावर ऊन. चढताना निभतं. उतरताना थकलेल्या गुडघ्यांनी इथे घाई केलीत तर पाय मुरगळलाच म्हणून समजा. जुने गुळगुळीत बूट घालून येऊच नका.

बोटीत एकाने ठासून सांगितलं की व्याघ्र प्रकल्प झाला म्हणून वासोट्याला व्याघ्रगड म्हणतात. साफ चूक. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तो २०१० मध्ये. व्याघ्रगड हे नाव शिवाजी महाराजांनी दिलेलं. किल्ला स्वराज्यात आला १६६० मध्ये. वासोटा हे नाव त्याहून जुनं, वसिष्ठ ऋषींच्या शिष्याशी जोडलेलं, पण ती आख्यायिका. पुढच्यांना तरी नीट सांगा.

माथ्यावर देवळापाशी बसकण मारू नका, आधी बाबूकडा गाठा. समोर जुना वासोटा, म्हणजे शेजारचा डोंगर, उभा राहतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथे तोफा चढवून हा किल्ला पाडाव केला. पंतप्रतिनिधींच्या बाजूने लढणाऱ्या ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना झुंजवलं ते याच गडावरून. त्या कड्यावर सगळा शीण उतरला, खरंच उतरला.

पावसाळ्यात वाट बंद असते. ती उघडल्यावर सुरुवातीला जळवा असतात, मीठ जवळ ठेवा. प्लास्टिक मोजून आत सोडतात, तेवढंच परत आणा. आणि बोट सोडताना नावाड्याकडून परतीची वेळ पक्की करून घ्या.