क्रीटच्या खेड्यांमधून: आमची वाटचाल

क्रीट हे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी साधारण २६० किलोमीटर, रुंदी कुठे साठ तर कुठे जेमतेम बारा. मधोमध डोंगर, त्यांतला प्सिलोरितिस २,४५६ मीटर उंच. बहुतेक पर्यटक उत्तर किनाऱ्यावर उतरतात, तिथल्याच हॉटेलात राहतात, समुद्रात डुंबतात आणि परत जातात. आमचं काम त्या किनाऱ्याकडे पाठ फिरवल्यावर सुरू होतं. सकाळी हेराक्लिओन या मुख्य शहरातून निघायचं, गाडीत एकच कुटुंब किंवा मित्रांचा एकच गट घ्यायचा, दिवसभर आतल्या गावांत राहायचं आणि संध्याकाळी पाहुण्यांना मुक्कामी सोडायचं. गाडी मी चालवतो. प्राचीन अवशेषांच्या ठिकाणी माहिती माझी पत्नी सांगते. ग्रीसमध्ये अशा ठिकाणी पाहुण्यांना माहिती द्यायला सरकारी परवाना लागतो, आणि त्यासाठीचं रीतसर शिक्षण तिनं घेतलेलं आहे. बुकिंग, हिशेब, फोन हे सगळंही आम्ही दोघंच बघतो.

मी मूळचा तासगावचा. घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर नोकरीला लागलो, जहाज हेराक्लिओनच्या बंदराला लागायचं, तिथे पत्नीची ओळख झाली आणि लग्नानंतर इथेच राहिलो. तिचं माहेर पेदियादा भागात, म्हणजे हेराक्लिओनच्या आग्नेयेला, ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या टेकड्यांमध्ये. लग्नानंतरच्या पहिल्या ऑगस्टमध्ये सासऱ्यांच्या बागेत गेलो तर समोर आपलीच द्राक्षं. तासगाव-सांगलीकडे थॉमसन सीडलेस म्हणून जी जात लावतात, तीच इथली सुलतानिना. १९२२ नंतर आशिया मायनरमधून जी ग्रीक कुटुंबं निर्वासित होऊन आली, त्यांनी या द्राक्षाचं आणि बेदाण्याचं ज्ञान सोबत आणलं आणि हेराक्लिओनच्या परिसरात ही लागवड पसरली. पुढे १९७० च्या दशकात फायलोक्सेरा या किडीनं मुळं खाऊन बागाच्या बागा बसवल्या. नंतर कलमी खुंटांवर पुन्हा लागवड झाली. सासऱ्यांना ते सगळं आठवतं.

इथे ऑगस्टअखेरीस घड तोडतात. पोटॅश आणि ऑलिव्ह तेल पाण्यात कालवून टाकी भरायची, जाळीदार कॅरेट त्यात बुडवून काढायचं आणि घड थेट उन्हात पसरायचे. तासगावला डिपिंगचं पाणी जवळपास असंच, फक्त तेल वेगळं. आणि आपण माल शेडमध्ये रॅकवर सावलीत वाळवतो, म्हणून आपला बेदाणा हिरवट राहतो. इथला आठ-दहा दिवस ऊन खाऊन सोनेरी-तांबूस होतो. बाबा इथे आले होते तेव्हा दोन्ही व्याही वाळवणाच्या कडेला उकिडवे बसले. एकाला ग्रीक येत नाही, दुसऱ्याला मराठी येत नाही. सासऱ्यांनी एक मणी बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो दोन बोटांत दाबला, फोडून आतला गर पाहिला आणि बोटांनी खूण केली, अजून दोन दिवस. सासऱ्यांनी मान डोलावली. त्या दोघांना बघताना मला वाटलं, हे पाहायला आपली माणसं नक्की येतील. कंपनीची कल्पना तिथली.

त्याआधी मी इथल्या एका मोठ्या टूर कंपनीच्या बसवर सहायक म्हणून काम केलं होतं. पन्नास माणसं, दिवसात सहा-सात थांबे, मध्ये ठरलेलं दुकान. गावच्या चौकात बस थांबली की माणसं कॅफेनिओतल्या, म्हणजे गावच्या कॉफीघरातल्या, स्वच्छतागृहासमोर रांग लावायची, फोटो काढायची आणि अर्ध्या तासात निघून जायची. कॅफेनिओवाल्या आजोबांचे दोन कॉफीचे पैसे सुटायचे, तेवढंच. त्या माणसांना गावाबद्दल काही वाटत नव्हतं असं नाही. अनेकांना थांबायचं असायचं, वेळापत्रकात जागा नसायची. थांबायला वेळ आणि गावाच्या पदरात खरोखर काहीतरी, या दोन गोष्टी जमल्या पाहिजेत, या विचारानं २०१४ मध्ये आम्ही परवाने काढले आणि चालकासह नऊ आसनांची गाडी घेतली. पुढच्याच वर्षी, २९ जून २०१५ ला, ग्रीसमधल्या बँका बंद झाल्या. एटीएममधून दिवसाला साठ युरो, बँका तीन आठवडे बंद. हंगाम ऐन भरात होता. पण परदेशातून आलेल्या पाहुण्यांकडे रोख होती आणि आम्ही गावात सगळ्यांचे पैसे जागच्या जागी चुकवत होतो. त्या उन्हाळ्यात कुंभाराला, तावेर्नाच्या (गावच्या खानावळीच्या) मालकीणबाईंना रोजच्या रोज हातात पैसे मिळाले. गावानं आम्हाला आपलं मानलं ते तेव्हापासून.

सुरुवातीचे पाहुणे युरोपातले होते. मग लंडनची मराठी मंडळी आली, त्यांच्या ओळखीनं दुबईची, जर्मनीची, आणि पुढे पुण्या-मुंबईहून थेट येणारी कुटुंबं. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका दिवसात किती पॉइंट होतील? मी सांगतो, तीन गावं. कुणाला ते कमी वाटतं आणि ते दुसरीकडे जातात, त्यांच्याबद्दल मनात काही नाही. जे येतात त्यांना आम्ही आधी विचारतो: घरात कोण कोण आहे, आजींचे गुडघे कसे आहेत, मुलं किती वर्षांची, शेती कुणाची आहे का. त्यावर दिवस बेततो.

क्नोसोसचा महाल बहुतेकांना हवाच असतो. १८७८ मध्ये मिनोस कालोकेरिनोस या हेराक्लिओनच्याच माणसानं तिथे पहिलं उत्खनन केलं, आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून. आम्ही तिथे दार उघडताच पोहोचतो, बसगाड्या यायच्या आत बाहेर पडतो. मग आर्खानेस गाव, आणि तिथून पुढे युक्तास डोंगराच्या पायथ्याशी वाथिपेत्रो. युक्तासचा आकार दुरून आडव्या झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो. लोक म्हणतात, तो ग्रीक देव झ्यूस. वाथिपेत्रोला साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं मिनोअन, म्हणजे क्नोसोसचा महाल बांधणाऱ्या प्राचीन संस्कृतीतलं, घर आहे आणि त्यात द्राक्षं तुडवून रस काढण्याचा घाणा. वर पसरट भांडं, त्याला तोटी, खाली रस झेलायचं दुसरं भांडं. भिंतीच्या पलीकडे आजही द्राक्षबागच आहे. एवढं मोठं क्नोसोस पाहून आलेली माणसं इथे जास्त वेळ उभी राहतात, हा माझा नेहमीचा अनुभव.

थ्राप्सानो हे कुंभारांचं गाव. इथे पिथारी घडवतात, म्हणजे माणसाच्या कमरेएवढे, कधी छातीएवढे रांजण. पूर्वी त्यांत तेल, धान्य, वाइन भरायचे. आता बरेचसे हॉटेलांच्या बागांत जातात. हे काम एका चाकावर होत नाही. बुटकी चाकं एका ओळीत मांडलेली असतात. कारागीर पहिल्या चाकावर मातीची जाड वळी चढवतो, ती ओढून भिंत उभी करतो आणि पुढच्या चाकाकडे जातो. शेवटच्या चाकापर्यंत पोहोचेतो पहिल्या रांजणाची माती पुढचा थर पेलण्याइतकी आवळलेली असते. चाक फिरवायला खाली एक माणूस बसतो. त्याचा वेग आणि वरच्याचे हात जुळले नाहीत तर भिंत कलते, म्हणून पूर्वी या फिरवणाऱ्यालाही टोळीत मान होता. उन्हाळ्यात अशा टोळ्या बेटभर फिरायच्या, जिथे चांगली माती आणि पाणी तिथे भट्टी लावायच्या. आम्ही कुंभाराला त्याच्या वेळेचे पैसे देतो, पाहुण्यांनी काही विकत घेवो न घेवो. दुकानांकडून कमिशन आम्ही घेत नाही. हा नियम पहिल्या दिवसापासूनचा आहे आणि याबाबत मी कुणाशीच तडजोड करत नाही, कारण कमिशन आलं की रस्ता दुकान ठरवतं.

जेवणाची काळजी आपल्या माणसांना फार असते. शाकाहारी मिळेल का, हा दुसरा ठरलेला प्रश्न. इथे तो प्रश्न कधी पडतच नाही. ऑर्थोडॉक्स पंथात उपासाचे दिवस पुष्कळ: ईस्टरच्या आधीचा मोठा उपास, नाताळच्या आधीचे चाळीस दिवस, १ ते १४ ऑगस्ट, शिवाय बुधवार-शुक्रवार. त्या दिवसांत मांस, मासे, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे भाज्या-कडधान्यांचा स्वयंपाक घरोघरी मुरलेला आहे. फक्त एक लक्षात ठेवावं लागतं, या उपासाला कोळंबी, माकूळ, गोगलगायी चालतात; म्हणून तावेर्नात आम्ही आधीच स्पष्ट सांगून ठेवतो. उन्हाळ्यात पानात येतो तो माठ, चवळीच्या कोवळ्या शेंगांबरोबर उकडलेला, वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू. टोमॅटोच्या कोशिंबिरीत घोळ असते, तीच आपली घोळाची भाजी. भोपळ्याच्या फुलांत भात भरून शिजवतात. साताऱ्याच्या एका काकूंनी घोळीची काडी ओळखली आणि उठून थेट स्वयंपाकघरात गेल्या. मालकीणबाईंनी त्यांना परसात नेलं. पुढचा तासभर आम्ही बाकीचे अंगणात बसून होतो, आणि लासिथीच्या पठारावर जायचं त्या दिवशी रद्द केलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. गाडीत दुसरं कुणी नसेल तरच असं करता येतं.

जैन पाहुण्यांसाठी कांदा-लसूण आणि बटाटा वगळून जेवण करायला मालकीणबाई आता शिकल्या आहेत. वेळेचं मात्र आम्ही गावावर सोडतो. दुपारी तीन ते पाच गावात शांतता असते, तेव्हा कुणाच्या दारावर थाप मारायची नाही. ते दोन तास पाहुण्यांनी चिनाराच्या सावलीत बसावं.

काही पाहुण्यांना आम्ही दक्षिणेला वियानोसकडे नेतो. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्यानं त्या भागातल्या गावांत चारशेहून अधिक माणसं मारली, घरं जाळली. आमिरासजवळ स्मारक आहे. तिथे पत्नी थोडंच बोलते. लहान मुलं बरोबर असतील तर आम्ही आधी आई-वडिलांना विचारतो. हे ठिकाण सहलीत कशाला, असं एकानं विचारलं होतं. त्या गावांत आज तुम्ही ज्यांच्याकडे कॉफी पिता, त्यांच्या घरात ती माणसं होती, म्हणून.

२०२० मध्ये भारतातून कुणी येऊ शकत नव्हतं. गाडी उभी राहिली. त्या हिवाळ्यात आम्ही सासऱ्यांबरोबर ऑलिव्ह झोडपले: झाडाखाली जाळी अंथरायची, फांद्या हलवायच्या, पोती भरून त्याच रात्री तेलाच्या गिरणीत न्यायची, कारण फळ साठवलं की तेलाची आम्लता वाढते. त्यातून आमची हिवाळी सहल तयार झाली. नंतर २७ सप्टेंबर २०२१ च्या सकाळी आमच्याच भागातल्या आर्कालोहोरीला भूकंप झाला. जुनी दगडी घरं फुटली, माणसं आधी तंबूंत आणि मग कंटेनरच्या खोल्यांत राहिली. आमच्या वाटेवरची काही घरं राहण्याजोगी उरली नाहीत. त्या हंगामात आलेल्या पाहुण्यांना आम्ही परिस्थिती सांगायचो आणि विचारायचो, यायचं का? बहुतेक आले, गावात जेवले, बाजार करून गेले. आमच्या सासरच्या माणसांना त्या दिवसांत त्याचा फार आधार वाटला.

आता कास्तेलीजवळ नवा विमानतळ उभा राहतोय. हेराक्लिओनचा सध्याचा विमानतळ त्यानंतर बंद होईल, आणि आमची ही शांत गावं थेट वर्दळीच्या तोंडाशी येतील. तिथल्या पापूरा टेकडीवर रडार बसवायच्या कामात २०२४ मध्ये मिनोअन काळातली एक मोठी गोल वास्तू सापडली, जवळजवळ ४८ मीटर व्यासाची. असं काही क्रीटमध्ये आधी माहीत नव्हतं. पत्नी त्या बातमीनं आठवडाभर झोपली नव्हती म्हटलं तरी चालेल. विमानतळामुळे काम वाढेल, हे दिसतंच आहे. भारतातल्या एका मोठ्या सहल कंपनीनं चाळीस माणसांचा गट दर आठवड्याला देऊ केला होता. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं. थ्राप्सानोच्या त्या कार्यशाळेत दहावा माणूस आला की मागच्याला चाक दिसत नाही, आणि तावेर्नाच्या चुलीवर चाळीस पानं होत नाहीत. वाढायचं झालं तर दुसरी गाडी आणि दुसऱ्या गावातलं दुसरं कुटुंब, असं ठरलं आहे. पत्नीची चुलत बहीण मार्गदर्शकाचं शिक्षण घेते आहे.

येणाऱ्यांसाठी एवढंच: मार्च-एप्रिलमध्ये डोंगर हिरवे आणि रानभाज्या भरपूर. लासिथीचं पठार ८४० मीटरवर असल्यानं तिथे तेव्हा स्वेटर लागतो. जुलैत ऊन कडक असतं, वयस्कर माणसांना नको. बेदाणा बघायचा असेल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर राकी या द्राक्षांच्या दारूचा हंगाम. तांब्याच्या मोठ्या भांड्यात द्राक्षांचा चोथा घालतात, झाकण दम बिर्याणीच्या हंडीसारखं कणकेनं लिंपतात आणि गाव रात्री त्या भट्टीभोवती जमतं, निखाऱ्यात बटाटे भाजतं. राकी न पिणाऱ्यांनाही तिथे तेवढंच अगत्य. त्या दिवशी परतायला रात्र होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान घेऊ नका.