शिल्पग्रामच्या मेळ्यात कोल्हापुरी घेऊन

दरवर्षी २१ ते ३० डिसेंबरला, ऐन नाताळच्या सुट्टीत, उदयपूरजवळच्या हवाला गावात शिल्पग्राम उत्सव भरतो. भरवतं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. महाराष्ट्र त्याच केंद्रात येतो, म्हणून आपल्याकडचे कारागीरही तिथं असतात. २०२५ ला आम्ही गेलो, चपला घेऊन. आमचं गाव कागल तालुक्यातलं.

खरी खटपट जाण्याआधीची. स्टॉलसाठी कारागिराचं ओळखपत्र मागतात, केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाचं. सगळे त्याला 'पहचान कार्ड'च म्हणतात. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर ते होतंच. पण माझ्याही नावावर हवं म्हणून मी हटून बसले. फॉर्म भरायला गेले तर प्रश्न आला, "तुम्ही नक्की काय करता?" वेणी घालते म्हटलं, तर समोरच्याला ते काम वाटेना. आमच्याकडे तळ कापणं, टाच लावणं, वादीनं शिवणं हे पुरुषांकडे. कातड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी आणि गोंडे बायकांकडे. आणि चप्पल हातात घेतली की गिऱ्हाइकाचं बोट आधी जातं ते वेणीवरच! तपासणीच्या दिवशी पट्ट्या पिशवीत घालून गेले आणि टेबलाशेजारी बसून वेणी घालून दाखवली. मग कुणी काही विचारलं नाही. कागद म्हणाल तर आधार, बँकेचं पासबुक, फोटो. कार्डाला फी नाही. कुणी मागितलीच तर देऊ नका.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून वांद्रे टर्मिनस आणि मग उदयपूरची गाडी. पोती सांभाळत केलेल्या प्रवासाबद्दल न बोललेलंच बरं.

शिल्पग्रामात वेगवेगळ्या राज्यांतल्या घरांचे नमुने बांधलेत. आपल्या कोल्हापूरकडचंही घर आहे. मामा ते बघायला गेले आणि चौकटीपासून सुरुवात करून बराच वेळ चुका काढत राहिले.

विक्रीत पहिली अडचण थंडीची. येणारा प्रत्येक जण बूट-मोजे घालून. मोज्यावर कोल्हापुरीचा अंगठा बसतच नाही, त्यामुळे घालून बघायची म्हटलं की लोक पुढं सरकायचे. शेवटी शेजारच्या कच्छी शालवाल्या भाभींकडून एक स्टूल मागून घेतलं, खाली पोतं अंथरलं. बसायला जागा दिसली की माणूस बसतो, आणि एकदा बसला की मोजा काढतोच. दुसरी अडचण घट्टपणाची. नवी कोल्हापुरी पायाला आवळणारच. "ढीली दिखाओ" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायची, की आज सैल घेतलीत तर महिन्याभरात पायातून निसटेल. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं आहे, ते पायाप्रमाणे सैलावतं. फक्त पाण्यात घालू नका.

गर्दी बघायला थांबायची ती मी वेणी घालत असताना. नुसत्या मांडलेल्या जोड्यांकडे नजर टाकून जाणारे लोक हात चालू दिसला की उभे राहत, मुलांना पुढं ढकलत, मग दर विचारत. त्यामुळे दिवसभर मी पट्ट्या हातातून सोडल्याच नाहीत. दरावरून घासाघीस व्हायचीच. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालंय हे सांगून कुणी शंभर रुपये जास्त देत नाही, हा माझा अनुभव. उलट २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये तशा चपला दिसल्या होत्या, ते बऱ्याच जणांच्या लक्षात होतं. "वही इटलीवाली?" असं कुणी विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं: "इटलीवाली नहीं, कागलवाली."

संध्याकाळी मुक्ताकाशी मंचावर लोकनृत्यं सुरू झाली की स्टॉल ओस पडायचे. तेव्हा हिशोब आणि जेवण उरकून घ्यायचं. नाचून दमलेली माणसं परत येताना पुन्हा थोडी विक्री व्हायची.

शेवटच्या दिवशी कारागीर आपापसात अदलाबदल करतात, हे मला ठाऊकच नव्हतं. भाभींनी आमची एक जोडी घेतली आणि आत्यांसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी, शाल दिली. मामांनी समोरच्या मोजडीवाल्याशी व्यवहार केला. पण पारंपरिक मोजडीत डावं-उजवं नसतं. गाडीत बसल्यावर मामा ती पालथी-उताणी करून बघायला लागले आणि म्हणाले, "सूनबाई, यानं दोन्ही एकाच पायाच्या दिल्यात."