सेवानिवृत्तांच्या नगरीत

पाटबंधारे खात्यातील नोकरी संपल्यावर एकदा तरी रोमन धरण प्रत्यक्ष पाहायचे, असे मी फार पूर्वीच ठरवून ठेवले होते. त्यासाठी निवडलेले गाव म्हणजे स्पेनच्या नैर्ऋत्येकडील मेरिदा. एस्त्रेमादुरा या स्वायत्त प्रांताची राजधानी असूनही तिथली वस्ती जेमतेम ६० हजारांच्या आसपास आहे. सम्राट ऑगस्टसच्या काळात, इ. स. पू. २५ मध्ये, पाचव्या आणि दहाव्या लीजनमधील, म्हणजे रोमन सैन्याच्या पलटणींतील, नोकरीची मुदत पुरी केलेल्या सैनिकांना जमिनी देऊन हे गाव वसवण्यात आले. अशा सैनिकाला लॅटिनमध्ये एमेरितुस म्हणत. म्हणून गाव ऑगस्टा एमेरिता, आणि त्याचेच पुढे मेरिदा झाले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला याहून योग्य ठिकाण मिळणार नाही, असे मी घरी सांगितले, तेव्हा ‘म्हणजे तिथेही पुन्हा धरणच बघायचे ना?’ असा पत्नीचा रास्त प्रश्न आला.

स्पेनसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामायिक शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. आम्ही अडीच महिने हातात ठेवले, ते पुढे उपयोगी पडले. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, बँकेचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रे, किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा, विमानाचे व हॉटेलांचे आरक्षण आणि दिवसवार कार्यक्रम, असा गठ्ठा तयार केला. माणशी ९० युरो शुल्काची तजवीज करून आम्ही रात्रीच्या गाडीने छत्रपती संभाजीनगरहून मुंबई गाठली. व्हिसा केंद्रात खिडकीमागच्या मुलीने कागद चाळता चाळता एका पानावर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाली, ‘काका, हे हॉटेल मेक्सिकोत आहे.’

चूक सर्वस्वी माझी होती. संकेतस्थळावर गावाचे नाव टाकल्यावर जी पहिली मेरिदा आली, तिथेच मी खोली घेतली होती. आयुष्यभर इतरांच्या अंदाजपत्रकांतील चुका काढणाऱ्या माणसाची ही गत झाली, यावर पत्नी परतीच्या गाडीत इगतपुरीपर्यंत हसत होती. नंतर वाचताना एक गंमत कळली. १५४२ मध्ये मेक्सिकोच्या युकातान भागात माया लोकांच्या जुन्या वस्तीच्या जागी नवे गाव वसवणाऱ्या स्पॅनिश लोकांना तिथल्या दगडी वास्तू पाहून आपल्या देशातील मेरिदाच्या रोमन अवशेषांची आठवण झाली, आणि त्यावरूनच त्या गावाला हे नाव मिळाले, असे सांगतात. म्हणजे गोंधळाचे मूळही शेवटी रोमनांपर्यंतच पोहोचते. नवे आरक्षण आणि दुरुस्त कार्यक्रमपत्रिका घेऊन आम्ही नऊ दिवसांनी पुन्हा गेलो, बोटांचे ठसे दिले, आणि तिसऱ्या आठवड्यात पारपत्रे घरी आली.

प्रवासासाठी ऑक्टोबर निवडला होता, कारण त्या भागातला उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देतो असे ऐकले होते. सेव्हियाहून मेरिदाला जाणारी बस सुमारे १९० किलोमीटरचे अंतर अडीच-तीन तासांत कापते. हा महामार्ग बराचसा व्हिया दे ला प्लाता या जुन्या मार्गाला धरून जातो आणि सान्तियागो या तीर्थक्षेत्राचे पदयात्री आजही त्या वाटेने उत्तरेकडे चालत जातात. बसस्थानक ग्वादियाना नदीच्या पलीकडच्या तीरावर असल्यामुळे सामान ओढत पुलावरून गावात जावे लागले. हा १९९१ चा पूल सान्तियागो कालात्रावा या वास्तुविशारदाने बांधलेला आहे. तो झाल्यावर शेजारच्या रोमन पुलावरची वाहने बंद झाली आणि तो पादचाऱ्यांसाठी उरला.

त्या जुन्या पुलावर आम्ही संध्याकाळी गेलो. लांबी सुमारे ७९० मीटर आणि कमानी ६०, हे आकडे मला पाठ होते. परंतु खांबांच्या अंगात ठेवलेल्या छोट्या कमानी मात्र प्रत्यक्षच पाहायला हव्यात. नदीला पूर आला की पाणी मुख्य कमानींबरोबर या झरोक्यांतूनही निघून जाते आणि खांबावरचा दाब कमी होतो. मी हे समजावून सांगत असताना पत्नीने माझे छायाचित्र काढले. त्यात मी पुलाकडे पाठ करून हातवारे करताना दिसतो.

आमचे नियोजन दुसऱ्या ठिकाणी चुकले. आम्ही सोमवारी पोहोचलो होतो आणि सोमवारी राष्ट्रीय रोमन कला संग्रहालय बंद असते. दुपारी दोननंतर दुकानेही मिटतात आणि रात्रीचे जेवण नऊच्या आधी मिळणे कठीण असते. अंडेही न खाणाऱ्या पत्नीने चार दिवस टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेल्या भाजक्या पावावर व घरून नेलेल्या दशम्यांवर काढले. जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की नाट्यगृह, ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा अखाडा, सर्कस म्हणजे रथांच्या शर्यतींचे मैदान, आल्काझाबा किल्ला इत्यादी स्थळांसाठी एकत्रित तिकीट मिळते, संग्रहालयाचे तिकीट मात्र वेगळे घ्यावे लागते.

नाट्यगृह ऑगस्टसचा जावई अग्रिप्पा याच्या नावाने इ. स. पू. १६-१५ मध्ये उभे राहिले. त्याचे खांब छायाचित्रांतून सर्वांना परिचित आहेत, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. मला अधिक भावली ती त्याच्या विस्मरणाची कथा. शतकानुशतके हे नाट्यगृह मातीखाली गाडलेले होते आणि प्रेक्षकगृहाच्या वरच्या भागाचे सात तुकडे तेवढे जमिनीबाहेर दिसत. गावकरी त्यांना ‘सात खुर्च्या’ म्हणत, आणि सात मूर, म्हणजे मुसलमान, राजे तिथे बसून खलबते करीत अशी दंतकथा सांगत. १९१० मध्ये उत्खनन सुरू झाले तेव्हा खुर्च्यांखालचे नाट्यगृह बाहेर आले, आणि १९३३ मध्ये तिथे पुन्हा नाटक झाले. संग्रहालयाची राफाएल मोनेओ या वास्तुविशारदाने रचलेली, १९८६ मध्ये खुली झालेली विटांची इमारतही अवशेषांवरच उभी आहे. तळघरात उतरले की रोमन घरे, थडगी आणि जलवाहिनीचा एक तुकडा पायाशी येतो.

नदीकाठचा आल्काझाबा हा ८३५ मध्ये कोर्दोबाचा अमीर दुसरा अब्द अल्-रहमान याने बांधवून घेतलेला किल्ला. त्याच्या आत जमिनीखाली पाण्याचे टाके आहे. दोन समांतर उतरणींनी खाली जावे लागते, चौकटींना रोमनांनंतर आलेल्या व्हिसिगॉथ राजवटीच्या काळातील कोरीव दगड वापरलेले आहेत, आणि तळाशी नदीतून झिरपून आलेले पाणी स्थिर उभे असते. तिथला गारवा अंगावर आला तेव्हा पत्नी म्हणाली, ‘अहो, ही तर आपली बारव.’ संपूर्ण प्रवासातले सर्वांत अचूक तांत्रिक निरीक्षण तेच होते, असे मी मानतो.

धरण शेवटच्या दिवसासाठी राहिले. गावापासून ते पाच-सहा किलोमीटर उत्तरेला आहे. आम्ही टॅक्सी ठरवली आणि चालकाला तासभर थांबण्याची विनंती केली. वाटेत आल्बारेगास नाल्यावरची ‘चमत्कारांची जलवाहिनी’ लागली. ग्रॅनाइट आणि तांबड्या विटांचे आलटून पालटून थर दिलेले तिचे खांब सुमारे २५ मीटर उंच आहेत आणि माथ्यावर करकोच्यांची घरटी आहेत. आम्ही जिथे निघालो होतो, तिथलेच पाणी हिच्यावरून गावात येत असे.

प्रोसेर्पिना हे धरणाचे नाव तिथे सापडलेल्या, देवीला उद्देशून कोरलेल्या एका शिलालेखावरून पडले. गावकरी मात्र त्याला नुसते ‘चार्का’, म्हणजे तळे, म्हणतात आणि उन्हाळ्यात पोहायला येतात. भिंत ४२७ मीटर लांब आहे. पाण्याच्या बाजूला चिरेबंदी दगडी भिंत आणि मागे मातीचा भराव, अशी रचना आहे. दगडी भिंतीला पाण्याच्याच बाजूने आधारस्तंभ आहेत, हे प्रथम पाहताना उलटे वाटते. परंतु तलाव रिकामा झाला की मागची ओली माती भिंतीला आत ढकलते, आणि तो दाब हे स्तंभ घेतात. भरलेल्या तलावाची काळजी सगळेच करतात. रिकाम्या तलावाचीही करणारा अभियंता कोण होता, त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही. मातीच्या बाजूला दोन मनोरे आहेत. आपल्या खात्याच्या भाषेत विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या, विहिरीच त्या. तळाशी इतका गाळ साचला होता की १९९० च्या दशकात तलाव रिकामा करून साफसफाई झाली, तेव्हाच भिंत समजुतीपेक्षा बरीच खोल, सुमारे २१ मीटर उंच असल्याचे उघड झाले.

मी भिंतीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजत गेलो, आणि सवयीने अधोबाजूच्या, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूच्या, उताराशी उतरून कुठे ओल आहे का तेही पाहिले. परत आलो तेव्हा तास उलटून गेला होता. चालकाने फोनवरच्या भाषांतरातून विचारले की एवढा वेळ काय पाहत होतात. मी उत्तर जुळवत असतानाच पत्नीने त्याला फोनवर सांगितले की यांना तपासणी अहवाल लिहायचा आहे. त्याने ते खरे मानले, आणि गावापर्यंतच्या वाटेत गंभीरपणे दोनदा विचारले की तळे सुरक्षित आहे ना.