आमची वाटचाल : देवगडची पेटी, कोथरूडचा बाजार

आमची हापूसची कलमं देवगड तालुक्यातल्या कातळावर आहेत. आजोबांनी सुरुंग लावून खड्डे फोडले, बाहेरून माती आणून भरली आणि त्यात कलमं लावली. वडिलांची हयात वाशीच्या घाऊक बाजाराला माल पाठवण्यात गेली. पेटी गाडीत चढली की तिच्यावरचा आपला हक्क संपला; पुढे हमाली, तोलाई, अडत कापून विक्रीच्या हिशेबाची जी पट्टी येईल ती मुकाट घ्यायची. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीतच विकायचं बंधन गेलं, पुण्यात शेतकरी आठवडे बाजारांनी जोर धरला आणि पुढच्याच हंगामात आम्ही कोथरूडला टेबल मांडलं.

पुण्याची बाजू दाजींनी उचलली. बहिणीच्या घरातली एक खोली चैत्र-वैशाखात पेंढ्यात आंबे पिकवायच्या आढीला दिलेली असायची. संध्याकाळी टेम्पो फोंडा घाट चढायचा, पहाटे दाजी माल उतरवून घ्यायचे आणि नोकरीवर जायच्या आधी वही लिहून ठेवायचे. आमच्यात भागीदारीचा कागद कधी झाला नाही. गरजच पडली नाही.

धंदा बाजारात सुरू होतो असं लोकांना वाटतं. आमचा झेल्यापासून, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीपासून सुरू होतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आम्ही वापरतो. त्याचं पातं देठ कापतं आणि फळ जाळीत अलगद येतं. देठ चांगला बोटभर राहिला पाहिजे. तो मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि पिकताना तिथे काळा डाग पडतो. पातं बोथट झालं की गडी हिसका देतात, म्हणून पातं रोज बघायचं. फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेलं हवं. काढणी सकाळी लवकर, आणि काढलेलं फळ लगेच सावलीत. तापलेल्या कातळावर घटकाभर जरी राहिलं तरी साक्याची, म्हणजे आतला गर पांढरट, आंबट राहण्याची भीती. नवीन पोरं विचारतात, एवढं कशाला? पोरांनो, जाहिरातीवर नंतर खर्च करा, आधी दोन चांगले झेले घ्या.

उन्हाळा लागला की बाजाराचं रूप पालटतं. पुरंदरचे अंजीरवाले, कलिंगडांचे ढीग, आमच्याच बाजूचे ओले काजूगर, वैशाखात मुळशीकडच्या मावश्यांची करवंदं. पाडव्याला हापूस थोडा आणि भाव चढा, खरी गर्दी अक्षय्य तृतीयेची. पहिले हंगाम चांगले गेले.

मग आमच्या समोर एक टेबल लागलं. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून सातबारा कुणा नातेवाइकाचा, माल मार्केट यार्डातून उचललेला, तोही कर्नाटकचा, आणि लाकडी पेट्यांवर नाव आमच्या तालुक्याचं. नाव छापलेल्या रिकाम्या पेट्या विकत मिळतात हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा डझन ८०० रुपयांना, त्याचा ४५०ला. लोक आमच्याकडे भाव विचारायचे, समोर बघायचे आणि आम्हालाच लुटारू समजून निघून जायचे.

कर्नाटकच्या आंब्याशी माझं वैर नाही. तिथल्या शेतकऱ्यानेही घाम गाळलेला असतो. त्याचा आंबा त्याच्या नावाने विका, मी शेजारी आनंदाने बसेन. पण आजोबांनी कातळ फोडून कमावलेलं नाव रद्दीतल्या पेटीबरोबर विकलं जातं, ते मला आजही सहन होत नाही. शिवाय त्याचं फळ देठापासून टोकापर्यंत एकसारखं पिवळंधमक. पेंढ्यातल्या आढीत हापूस असा एका रंगात, एका दिवशी पिकत नाही. आंबा झटपट पिकवणाऱ्या कार्बाइड पावडरवर कायद्याने बंदी आहे, तरी पावडरचा आंबा ओळखायची जबाबदारी गिऱ्हाइकावरच पडते.

मी आयोजकांकडे लेखी तक्रार दिली. उत्तर आलं, "तुम्ही दोघं आपसात मिटवा." त्यानंतर आमची जागा बदलली. पार्किंगच्या टोकाला, जिथे दुपारनंतर सरळ ऊन येतं तिथे आम्हाला बसवलं, आणि कोपऱ्यावरची मोक्याची जागा त्याला गेली. फळ तापायला लागलं. आढीतला माल एकदम तयार झाला आणि उठेना. हापूस तयार झाला की तो तुमच्यासाठी थांबत नाही. बागेत राहिलेला माल कॅनिंगला घालावा लागला, तिथे तर किलोवर भाव. शेती सहकारी सोसायटीचं कर्ज थकलं, बागेवरच्या नेपाळी राखणदारांचा पगार द्यायचा होता, टेम्पो विकला. दाजींनी आपल्या पगारातून राखणदारांचे पैसे भागवले. वडील म्हणाले, "आता परत वाशीच बघूया." आम्ही त्या निर्णयापर्यंत आलो होतो.

कर्वेनगरच्या एक आजी पहिल्या हंगामापासून आमच्याकडे यायच्या. वास घ्यायच्या नाहीत, दाबून बघायच्या नाहीत, एकच विचारायच्या, "अरे, काढणी कधीची?" त्यांच्यामुळेच आम्ही प्रत्येक पेटीवर काढणीची तारीख लिहायला लागलो. त्या वर्षी त्या आम्हाला शोधत पार्किंगच्या टोकाला आल्या.

"तुला इथे कुणी टाकलं रे?"

मी सगळं सांगितलं.

"मग उन्हात कशाला बसतोस? आमच्या सोसायटीत ये रविवारी. मी सेक्रेटरीशी बोलते."

रविवारी त्यांनी घरून विळी आणली आणि खाली सगळ्यांसमोर आमचा आंबा चिरायला लावला. पातळ साल, केशरी गर. त्या सोसायटीतून शेजारची, तिथून पुढची. हंगाम संपताना वाशीचा विषय घरात निघाला नाही. कर्ज फिटायला मात्र पुढचे दोन हंगाम लागले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या आंब्याला लावायचं. आम्ही रीतसर नोंदणी केली, आमचा क्रमांक पेटीवर असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत बाजार बंद झाले तेव्हा आजींच्या ओळखीची फाटकंच आम्हाला उघडी राहिली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडावरचा उरलेला माल खाली आणला, आजोबांच्या हातची काही कलमं मुळासकट गेली. तिथे नवी लावली आहेत.

समोरचा माणूस अजून दर एप्रिलला बसतो. पेट्यांवरचं नावही तेच. माझ्या तक्रारींच्या पोचपावत्या फायलीत आहेत आणि यंदाही नवी तक्रार जाणार आहे. मानांकन कागदावर देऊन भागत नाही, बाजारात पेटी उघडून बघणारा माणूस नेमावा लागतो.

आणि पेटी घरी नेणाऱ्यांना सांगतो: कच्चा हापूस फ्रिजमध्ये घालू नका. पेंढ्यात एक थर लावा, देठाची बाजू वर ठेवा, रोज एकदा हात फिरवून तयार फळ वेगळं काढा. साल किंचित सैल पडली आणि खोलीत वास सुटला की खायला घ्या. साका निघाला तर ते फळ घेऊन या, बदलून देतो. पण तारखेची पट्टी पेटीवरून काढू नका. काढणी कुठल्या दिवसाची, कुठल्या तुकड्यातली, हे मला तिच्यावरूनच शोधता येतं.